पिठाचा कोंबडा

विसाव्या वर्षी मी पहिल्यांदा एक गाव उडवलं. ते गाव गोणपाटावर रंगवलेलं होतं आणि मी त्या गोणपाटाखाली उताणा पडलेला होतो.

१९८६ साल होतं. नाशिक रोडच्या तोफखाना केंद्रातलं प्रशिक्षण संपवून मी युनिटमध्ये दाखल झालो होतो. तिथे एका लांब शेडमध्ये लाकडी चौकटीवर खोलीभर गोणपाट ताणून बसवलेला होता. त्यावर रंगाने काढलेले डोंगर, नाले, शेतं. काड्यापेट्यांची घरं, काथ्याची झाडं. त्याला पफ रेंज म्हणत. समोरच्या पायऱ्यांवर शिकाऊ अधिकारी दुर्बीण घेऊन बसत आणि नकाशावरून लक्ष्याचे सहा आकडे सांगत. खाली मला वर बघितलं की चौकटीला बांधलेल्या दोऱ्यांचे चौकोन दिसत. आकडे कानावर पडले की त्या चौकोनात रबरी पंपाची नळी धरायची आणि पंप दाबायचा. गोणपाटाच्या विणीतून धुराचा पुंजका वर जाई. तो गोळा पडल्याचा धूर. वरून दुरुस्ती येई, उजवीकडे, दोनशे जास्त. मग दुसरा पुंजका. तिसरा बहुतेक वेळा काड्यापेट्यांच्या मधोमध.

एकदा नवा गोणपाट रंगवायचा होता. शिकवणारे उस्ताद म्हणाले, डोंगर मी काढतो, गाव तू काढ. मला एकच गाव काढता येत होतं. डहाणूहून बोर्डीकडे जाणारा रस्ता, बाजूला चिकूच्या वाड्या, देऊळ, विहीर, शाळा, समुद्राकडे उतरणाऱ्या वाटा. समुद्राला जागा नव्हती, म्हणून तिथे कोरडा नाला काढला. समुद्र नसलेलं आमचं नरपड झालं ते. पुढचे सहा महिने त्या नरपडवर मी माझ्या हाताने धूर सोडला. संध्याकाळी शेडला कुलूप लावताना सगळ्या काड्यापेट्या जागच्या जागी असायच्या. तरी आईला आंतर्देशीय पत्र लिहिताना पत्त्यावर ‘मु. पो. नरपड’ लिहायची वेळ आली की हात क्षणभर थांबायचा. कुणालाही काही झालेलं नसताना तो का थांबतो, हा प्रश्न तेव्हापासून माझ्याबरोबर आहे.

गेल्या दसऱ्याला तो प्रश्न पुन्हा समोर आला. भाचा पुण्याहून आला होता. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे. कंपनीचं नाव तो सांगत नाही आणि फौजेत राहिलेल्या माणसाने ते विचारायचं नसतं. पण कामाचा प्रकार त्याने पडवीत बसून समजावला. पूर्वी सिम्युलेटर म्हणजे एक मोठा डबा असायचा. रणगाड्याच्या सिम्युलेटरसाठी रणगाडेवाल्यांच्या शाळेत, आपल्या नगरला जावं लागे; तोफेच्या सिम्युलेटरसाठी देवळालीला. मग हे डबे एकमेकांना जोडायची कल्पना आली. अमेरिकेत १९८०च्या दशकात ‘सिमनेट’ उभं राहिलं. वेगवेगळ्या ठिकाणच्या नकली रणगाड्यांत बसलेले जवान तारांमधून एकाच रणांगणावर उतरू लागले. आता डबाही उरलेला नाही. जमीन, हवामान, गाड्या, विमानं, बिनतारी संदेश, गावातली माणसं, सगळं कुठल्या तरी सर्व्हरवर असतं. ज्याला जेवढं हवं तेवढं त्याने भाड्याने घ्यायचं, विजेच्या मीटरसारखं. नाटोच्या एका अभ्यासगटाने २०१४ ते २०१७ या काळात याच गोष्टीवर काम केलं: सराव ही वस्तू न राहता सेवा कशी होईल. चार देशांचे अधिकारी आपापल्या देशात खुर्चीवर बसतात आणि एकाच गावाभोवती एकाच वेळी लढतात.

“आणि ते गाव कोण काढतं?” मी विचारलं.

“उपग्रहाच्या छायाचित्रांवरून तयार होतं, मामा. बऱ्याचदा खरंच कुठेतरी असलेलं गाव असतं. घरं मात्र साच्यातली.”

त्या क्षणी आतून कोहळा कापल्याचा आवाज आला. आमच्याकडे दसऱ्याला आई कोहळ्याला कुंकू लावते, देवासमोर ठेवते आणि एका घावात दोन फाका करते. तिच्या आजीच्या लहानपणी तिथे बकरा असायचा असं ती सांगते. कधीतरी कुणीतरी ठरवलं की देवीला कोहळा चालतो. इथून काही किलोमीटरवर विवळवेढ्याला महालक्ष्मीची चैत्रात मोठी यात्रा भरते; तिथे आमचे आदिवासी भाऊ आजही नवसाचा कोंबडा घेऊन जातात. आई त्याबद्दल कधी वावगं बोलत नाही आणि स्वतः कोहळ्याच्या पुढे जात नाही. लाल झालेली ती सुरी बघताना माझ्या डोक्यात एक वाक्य आलं आणि तिथेच बसलं: कोहळा खोटा बकरा आहे, पण सुरी खरी आहे.

डहाणूच्या बाजारात एक जैन दुकानदार आहेत. मी त्यांना शेठ म्हणतो, ते मला फौजी म्हणतात. वीस वर्षांची ओळख. खत घ्यायला गेलो तेव्हा हे त्यांच्याजवळ बोललो. त्यांनी मला यशोधर राजाची गोष्ट सांगितली. जैन परंपरेत ती हजार वर्षांहून जास्त काळ सांगितली जाते. सोमदेवसूरींनी दहाव्या शतकात ‘यशस्तिलक’ लिहिलं ते याच राजावर. उज्जयिनीच्या यशोधराला वाईट स्वप्न पडलं. आई चंद्रमती म्हणाली, देवीला पशू बळी दे. राजा नको म्हणाला. जीव घेणं त्याला पटत नव्हतं. आई हट्टाला पेटली. शेवटी तोड निघाली: पिठाचा कोंबडा करायचा आणि त्याचा बळी द्यायचा. राजाने तो कापला. पुढे राणीने मायलेकांना विष घातलं आणि त्या पिठाच्या कोंबड्यासाठी दोघे कित्येक जन्म पशुपक्ष्यांच्या योनीत फिरले. मोर झाले, कुत्रा झाले, शेवटी खरेखुरे कोंबडा-कोंबडी झाले.

मला ही गोष्ट अन्यायाची वाटली. राजा तर मारायला तयारच नव्हता. तडजोड केली ती जीव वाचवण्यासाठी. मग शिक्षा कसली?

शेठ म्हणाले, “पिठाला काय समजतं, फौजी? पण राजाने सुरी उचलली तेव्हा मनात काय म्हणाला? मी कोंबडा मारतो असं म्हणाला. पीठ कापतो असं म्हणाला असता तर आईने कसं मानलं असतं?”

मग त्यांनी हिंसेचे चार प्रकार सांगितले. चूल पेटवताना, झाडलोट करताना होते ती आरंभी. शेतीत, धंद्यात होते ती उद्योगी. स्वतःच्या, गावाच्या, देशाच्या रक्षणासाठी करावी लागते ती विरोधी. आणि मारायचंच म्हणून ठरवून केली जाते ती संकल्पी. संसारी माणसाला पहिल्या तीन पूर्ण टाळता येत नाहीत, चौथी टाळायलाच हवी. सैनिकाचं काम विरोधी हिंसेत मोडतं, एवढं ऐकून मला बरं वाटलं, हे कबूल करतो. चोवीस वर्षं नोकरी केली आहे. पण परत येताना बसमध्ये विचार आला की विरोधी हिंसेला समोर विरोधक लागतो. गोणपाटावरच्या नरपडने माझा कुठला विरोध केला होता? तिथे होता तो फक्त संकल्प.

आता दुसरी बाजू. ती मी मनापासून मांडतो, कारण मी ती जगलो आहे. सरावाशिवाय लढाईत उतरलेला सैनिक स्वतः मरतो, सोबत्याला मारतो आणि मध्ये सापडलेल्याला मारतो. खऱ्या गोळ्यांच्या सरावालाही किंमत असते. फायरिंग रेंजच्या आसपास न फुटलेले गोळे पडून राहतात, गरीब माणसं भंगार म्हणून ते वेचतात आणि त्यात हात जातात, जीव जातात. पडद्यावरच्या गोळ्यात हे होत नाही. तिथे शिकाऊ अधिकारी शंभर वेळा चुकू शकतो, म्हणजे खऱ्या ठिकाणी एकदाही चुकू नये. शस्त्रक्रिया शिकणारा डॉक्टर आधी पुतळ्यावर टाके घालतो, त्याला आपण पाप म्हणत नाही. हे सगळं खरं आहे. सिम्युलेटर मोडून टाका असं मी म्हणणार नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की पुतळ्यावर टाके घालताना हात जसा बरं करायला शिकतो, तसा पडद्यावर गाव उडवताना हात नेमकं काय शिकतो.

याचं उत्तर शोधताना मला १९९९ आठवतं. द्रासच्या बाजूला आमच्या तोफा लागल्या होत्या. त्या लढाईत भारतीय तोफखान्याने अडीच लाखांच्या आसपास गोळे, बॉम्ब आणि रॉकेटं डागली. मी ओपी पार्टीत होतो, म्हणजे पुढे बसून गोळा कुठे पडतो ते बघून मागे कळवणाऱ्यांत. रेडिओवर ‘शॉट’ ऐकू येतं. म्हणजे गोळा नळीतून निघाला. मग घड्याळाकडे बघायचं. लांबच्या माऱ्यात गोळा कधी पाऊण मिनिट, कधी त्याहून जास्त हवेत असतो. शेडमध्ये शिकताना या वेळेला काही वजन नव्हतं. नळी धरायची, पंप दाबायचा. तिथे बर्फात त्या वेळेचं वजन कळलं. तुम्ही ‘स्टॉप’ म्हणू शकता, पण तो शब्द फक्त अजून न सुटलेल्या गोळ्याला थांबवतो. सुटलेल्याला परत बोलावणारा शब्द तोफखान्याच्या कुठल्याच भाषेत नाही. ते पाऊण मिनिट तुम्ही जे केलंय त्याच्याबरोबर बसून राहायचं.

आमच्या घरी चातुर्मासात ‘पांडवप्रताप’ वाचला जायचा. अश्वत्थाम्याची कथा लहानपणी मी भीती म्हणून ऐकली. तोफखान्यातून परत आल्यावर ती मला शिक्षणाची कथा वाटू लागली. भीम आणि अर्जुन पाठलागावर आलेले पाहून अश्वत्थाम्याने गवताची एक काडी उचलली, तिच्यावर मंत्र घातला आणि ब्रह्मशिर अस्त्र सोडलं. अर्जुनानेही सोडलं. दोन अस्त्रं भिडली तर सृष्टी जळेल, म्हणून नारद आणि व्यास मध्ये उभे राहिले आणि म्हणाले, मागे घ्या. अर्जुनाने आपलं अस्त्र मागे घेतलं. अश्वत्थाम्याला ते जमेना. एकाच गुरूचे दोन शिष्य, त्यातला एक तर गुरूचा मुलगा. सोडायची विद्या दोघांकडे होती, परत घ्यायची एकाकडेच. त्यासाठी जो संयम लागतो तो अर्जुनाने वर्षानुवर्षं अंगात मुरवला होता. अश्वत्थाम्याने अस्त्र वळवलं ते पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांवर. जे अजून जन्मलेच नव्हते त्यांच्यावर.

ही गोष्ट पुराणातली म्हणून बाजूला ठेवता येत नाही. मार्च २०१६ मध्ये पुण्यात औंधच्या लष्करी तळावर ‘फोर्स १८’ नावाचा सराव झाला. आसियानचे दहा देश आणि भारत, चीन, जपान, रशिया, अमेरिका, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड असे अठरा देश. आपल्या तुकडीचं नेतृत्व लेफ्टनंट कर्नल सोफिया कुरेशी यांच्याकडे होतं; बहुराष्ट्रीय सरावात भारतीय तुकडीचं नेतृत्व करणाऱ्या त्या पहिल्या महिला अधिकारी. मी तेव्हा निवृत्त झालो होतो, पेपरात वाचलं. सरावाचे विषय वाचून मात्र थांबलो. शांतिसेनेचं काम आणि जमिनीत पेरलेले सुरुंग काढणं. या अठरांत लाओस होता, कंबोडिया होता. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने लाओसवर वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. त्यातले न फुटलेले आजही शेतात निघतात आणि त्या युद्धानंतर जन्मलेली मुलं त्यांत जखमी होतात, मरतात. गर्भावर वळलेलं अस्त्र म्हणतात ते हेच. औंधला त्याच अमेरिकेचे आणि त्याच लाओसचे सैनिक एका मैदानात बसून सुरुंग काढायला शिकत होते. सोडलेलं परत घ्यायला शिकत होते. एवढ्या देशांनी एकत्र येऊन करण्यासारखा यापेक्षा मोठा अभ्यास मला सुचत नाही.

अभ्यास हा शब्दही बघा. भारत आणि अमेरिका यांच्या लष्करांच्या संयुक्त सरावाचं नाव ‘युद्ध अभ्यास’ आहे. गीतेत अर्जुन म्हणतो, मन वाऱ्यासारखं आहे, आवरत नाही. तेव्हा श्रीकृष्ण जे दोन उपाय सांगतात त्यातला पहिला अभ्यास आणि दुसरा वैराग्य. एकच शब्द बाण सोडायलाही शिकवतो आणि मन आवरायलाही. ज्या गोष्टीचा अभ्यास कराल ती हातात मुरते. अभ्यास खोट्या वस्तूवर केला म्हणून मुरणं खोटं होत नाही. माझ्या मते यशोधराच्या गोष्टीचा अर्थ इथे आहे. कोंबडा पिठाचा होता, पण राजाचा हात मारण्याच्या वाटेवर एक पाऊल खरं चालला होता.

गीतेचा आधार घेऊन एक आक्षेप येतो आणि तो मी स्वतःशीच बऱ्याचदा घेतला आहे. ज्याच्या बुद्धीला लेप नाही तो मारूनही मारत नाही, असं अठराव्या अध्यायात आहे. मग पडद्यावर निर्विकारपणे बटण दाबणारा माणूस अलिप्तच नाही का? मला वाटतं, नाही. अठराव्या अध्यायापर्यंत पोचण्याआधी अर्जुन पहिल्या अध्यायातून गेला आहे. रथ दोन्ही सैन्यांच्या मधोमध उभा करायला त्याने स्वतः सांगितलं. त्याने समोरच्यांना पाहिलं. आजोबा, गुरू, मामा, भाऊ, मुलं, नातवंडं. हात थरथरले, धनुष्य गळालं. त्या सगळ्यातून जाऊन जी अलिप्तता येते ती वेगळी. समोर कोण आहे हे न बघताच जी येते तिला अलिप्तता म्हणता येत नाही. तिला फक्त सवय म्हणतात.

भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने लॅपटॉपवर एक उघडा नमुना दाखवला, कुणालाही बघता येईल असा. त्याच्या कामातला नव्हता. एक बाजार होता. बायका टोपल्या घेऊन चालत होत्या, एक पोरगा सायकल ढकलत होता. त्याने दाखवायचं म्हणून एक गोळा टाकला. माणसं पडली. मी बघत राहिलो. थोड्या वेळाने पडलेली माणसं एकेक करून दिसेनाशी झाली. बाजार रिकामा आणि स्वच्छ.

“ही गेली कुठे?”

“काढून टाकतात, मामा. पडलेल्यांची संख्या वाढली की सर्व्हरवर लोड येतो. म्हणून ठराविक वेळानंतर ती आपोआप पुसली जातात. बऱ्याच ठिकाणी हीच पद्धत असते.”

त्याच्या आवाजात काही क्रूर नव्हतं. तो एका तांत्रिक अडचणीवरचा सोपा उपाय सांगत होता. पण माझ्या पोटात गोळा आला. माझ्या गोणपाटावरचा धूरही असाच विरायचा. शेडमध्ये उस्ताद म्हणायचे ‘पुन्हा’, आणि आम्ही पुन्हा सुरू करायचो. पडद्यावर ‘रीसेट’ म्हणतात. अर्जुनाला अस्त्र मागे घ्यायला आयुष्यभराचा संयम लागला. इथे ते एका बटणाने मागे येतं. मला भीती वाटते ती या बटणाची. गाव उडवायला शिकणं हा एक भाग. पण उडवलेलं गाव आपोआप परत उभं राहतं, मेलेली माणसं कुणीतरी उचलून नेतं, हे हाताला शिकवणं हा त्याहून खोल संस्कार आहे. ही अश्वत्थाम्याची विद्या. आणि आता ती एका शेडमध्ये न राहता एकाच सर्व्हरवरून अनेक देशांना मिळणार. ज्या साच्यातून एका देशाचा सैनिक शिकेल त्याच साच्यातून चार देशांचे शिकतील. त्या साच्यात बाजारातली बाई पुसली जात असेल, तर चारही देशांच्या मनातून ती एकाच वेळी पुसली जाईल. ते गाव कुणाचं तरी नरपड असेल.

भाच्याने मला हेही सांगितलं की सराव संपल्यावर सगळे एकत्र बसतात आणि काय झालं ते पहिल्यापासून पुन्हा बघतात. यंत्राने प्रत्येक क्षण टिपलेला असतो: कोणी कधी काय सोडलं, ते कुठे पडलं. हे ऐकून मला आशा वाटली. मी त्याला म्हणालो, मग पुसलेली माणसं त्या वेळी परत दाखवा. सराव संपेपर्यंत पडलेला माणूस पडलेलाच राहू द्या. अधिकाऱ्याला त्याच बाजारातून परत चालत जाऊ द्या. लोड येतो म्हणतोस ना, तो त्याच्यावर येऊ दे. भाचा म्हणाला, “बोलून बघतो.” दिवाळीनंतर त्याचा फोन आला. त्याने बैठकीत विषय काढला होता. निर्णय त्याच्या हातात नाही आणि अजून उत्तर आलेलं नाही. पण बोलला, याचं मला समाधान आहे.

आता माझ्या हातात जे आहे ते सांगतो. २००८ साली दहा अतिरेकी ‘कुबेर’ नावाची मच्छीमार बोट पळवून समुद्रमार्गे मुंबईत आले. त्यानंतर आमच्या किनाऱ्यावरही सुरक्षेचे सराव सुरू झाले. पोलीस, तटरक्षक दल आणि गावोगावची सागर रक्षक दलाची माणसं त्यात असतात. कुणीतरी अतिरेकी बनून समुद्रातून येतं आणि बाकीच्यांनी त्याला शोधायचं. निवृत्त फौजी म्हणून गावातल्या पोरांना तयार करायचं काम मी आपण होऊन अंगावर घेतलं. अनोळखी बोट कशी ओळखायची, कुणाला कळवायचं, वाट कशी अडवायची, सगळं शिकवलं. मला वाटलं, हेच माझं विरोधी हिंसेचं काम, घराच्या अंगणात.

एका वर्षी सराव झाल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे सुरूच्या बनात पोरांनी एकाला पकडलं. मी पोचेपर्यंत त्याचा सदरा फाटला होता आणि ओठातून रक्त येत होतं. गुजरातकडच्या बोटीवरचा खलाशी होता. बोट खोळंबली होती आणि तो पाणी शोधत किनाऱ्यावर उतरला होता. हातातला प्लॅस्टिकचा कॅन त्याने शेवटपर्यंत सोडला नव्हता. पोरं वाईट नव्हती. मी जे शिकवलं तेच त्यांनी केलं. अडवायचं शिकवलं होतं, सोडायचं शिकवलं नव्हतं. चूक माझी होती. मी त्याला घरी आणलं. आईने त्याच्या ओठाला हळद लावली, कॅन विहिरीवर भरून दिला आणि तो जाईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

१६ एप्रिल २०२० रोजी आमच्याच तालुक्यातल्या गडचिंचले गावी जमावाने दोन साधूंचा आणि त्यांच्या गाडीच्या चालकाचा जीव घेतला. चोर फिरतात अशी अफवा होती. गावोगाव रात्रीचे पहारे चालू होते. त्या रात्रीबद्दल बोलताना लोक वेगवेगळी कारणं सांगतात. मला मात्र ते पहारे आठवतात. रात्रीमागून रात्री माणसं मनात एका चोराला पकडत होती, मारत होती. तो चोर पिठाचा होता. मग रस्त्यावर तीन खरी माणसं आली.

त्यानंतर आमच्या सरावात मी एक बदल केला. समुद्राकडून येणाऱ्या माणसांत एक जण नेहमी साधा असतो. त्याच्या हातात कॅन असतो, त्याला पाणी हवं असतं. तो कोण, हे मी पोरांना सांगत नाही. त्यांनी प्रत्येकाला अडवायचं, हात उघडे ठेवायला लावायचं, नाव विचारायचं, पाणी हवं का ते विचारायचं, पोलिसांना कळवायचं आणि ज्याची ओळख पटली त्याला सोडायचं. हे सोडणं आम्ही अडवण्याइतक्याच वेळा करून बघतो. सुरुवातीला पोरांना ते जड गेलं. पकडलेल्या माणसाचा दंड सोडताना बोटं पटकन उघडत नाहीत, हे मी जवळून पाहिलं आहे. आता उघडतात. सुटलेल्या माणसाच्या हाती कॅन भरून देईपर्यंत आमचा सराव संपला असं मी म्हणत नाही.

यंदाच्या दसऱ्याला कोहळा कापायला आईने मला बोलावलं. तिचा हात आता थरथरतो. सुरी हातात घेतली तेव्हा मी मनात म्हणालो, मी कोहळा कापतो आहे. पुन्हा एकदा म्हणालो. मग कापला. आईने विचारलं, एवढा वेळ का लावलास? मी म्हटलं, बघत होतो.